आजाऱ्यासाठी चमत्कार मागताना प्रार्थना गट नेमका कसा चालवावा? (मिरज-सांगली)

कृष्णाकाठ:
सगळ्यांना सलाम. मिरजेजवळच्या चाळीसेक कुटुंबांच्या ख्रिस्ती मंडळीत आजाऱ्यांसाठी प्रार्थना गट नव्याने उभा करायचा आहे. मिरजेत दवाखाने एवढे, की जत, आटपाडी, अथणीपासूनचे पेशंट इथेच येतात. विनंत्या रोजच्या आहेत, पण मतं दहा. कोणी म्हणतं सरळ चमत्कार मागा. कोणी म्हणतं 'तुझी इच्छा पूर्ण होवो' एवढंच म्हणावं, त्यापुढे मागणं म्हणजे देवाला हुकूम सोडणं. तेल लावायचं का, उपवास कोणी धरायचा, दवाखान्यात किती जणांनी जायचं, साक्ष कधी द्यायची, हे जाणत्यांनी जरा तपशिलात लिहावं.

मिरज_जंक्शन:
ताई, पहिला गुंता आधी सोडवू. येशूने बार्तीमयाला विचारलं, "मी तुझ्यासाठी काय करावे?" (मार्क १०:५१). समोर आंधळा उभा आहे, त्याला काय हवं ते उघड आहे, तरी विचारलं. म्हणजे मागणं तोंडाने, नेमकं सांगायचं असतं. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशूने केलेल्या प्रार्थनेतही क्रम बघा. आधी 'हा प्याला टळो' आणि त्याच्या मागून 'तथापि तुझ्या इच्छेप्रमाणे होवो'. मत्तयाच्या २६ व्या अध्यायात हे तीन वेळा आहे. आपण पहिला अर्धा भाग गाळतो आणि थेट 'तथापि'वर येतो. पुष्कळदा त्यामागे नम्रता नसते, मागितलं आणि मिळालं नाही तर काय याची भीती असते.

आता नेमकं म्हणजे किती नेमकं? 'प्रभू, याची किडनी बरी कर' हे मागणं बरोबरच आहे, पण गटाला त्यावर दहा दिवस टिकून राहता येत नाही, शब्द गुळगुळीत होतात. त्याच्याबरोबर पुढच्या चोवीस तासांचं मागा: आज रात्री लघवी सुटू दे, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा रक्तातला आकडा) वाढायचं थांबू दे, उद्याच्या डायलिसिसला सुई नीट लागू दे, मुलाला गावाहून निघता येऊ दे. रोज संध्याकाळी घरच्यांना एक फोन करून हे चार मुद्दे नवे करायचे. मोठं मागणं तसंच चालू ठेवायचं.

विनंतीची चिठ्ठी करा. पोस्टकार्डाएवढा जाड कागद पुरतो. नाव (किंवा फक्त 'एक भगिनी, वय ५२'), काय झालंय, आज काय मागायचं, तारीख, आणि सर्वात महत्त्वाचं, हे कोणाला सांगायला परवानगी आहे. मागच्या बाजूला उत्तराची जागा ठेवा. आजाराचं नाव मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याआधी रुग्णाला स्वतःला विचारा. नवऱ्याने किंवा सासूने दिलेली परवानगी पुरत नाही. गर्भपात, एचआयव्ही, मानसिक आजार, दारू या चार गोष्टी गटावर कधीच लिहू नका. प्रार्थनेच्या नावाखाली बातमी फिरली की पुढच्या वेळी माणसं विनंतीच देत नाहीत, आणि गट बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं.

वॉर्ड_सात:
दवाखान्यापुरतं लिहिते.

खाटेशी दोघांनी जायचं, तिसरा नको. त्यात एक बाई असावी. राउंडच्या वेळी, ड्रेसिंग चालू असताना, जेवण आलेलं असताना जायचं नाही. आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर साबणाने हात धुवायचे. स्वतःला सर्दी-खोकला असेल तर फोनवर प्रार्थना करा. प्रार्थना तीन ते पाच मिनिटं. बसलात तर खुर्चीवर, खाटेवर नाही. सलाईनच्या हाताला आणि पोटाच्या ऑपरेशनवाल्याच्या अंगाला हात लावायचा नाही. डोक्यावर हात ठेवायचा असेल तर आधी 'ठेवू का?' विचारायचं. माणूस बेशुद्ध असला तरी नाव घेऊन, हळू, नेहमीच्या बोलीत बोला. ऐकू येत नसेल असं गृहीत धरून त्याच्यासमोर 'आता काही राहिलं नाही' असं कुजबुजू नका.

आवाज. शेजारच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचं माणूस असतं आणि तेही दुखण्यात असतं. त्यांच्यासाठी प्रार्थना करायची तर त्यांना विचारून, ते नको म्हणाले तर हसून नमस्कार करून निघायचं. लाचार अवस्थेतल्या माणसावर श्रद्धा लादणं हे प्रभूच्या रीतीत बसत नाही.

तेलाबद्दल एक धोक्याची गोष्ट, ही मात्र पाठ करा. ऑक्सिजनचा मास्क किंवा नळी लागलेली असेल तर चेहऱ्यावर, कपाळावर तेल लावायचं नाही आणि जवळ मेणबत्ती पेटवायची नाही. ऑक्सिजनच्या झोतात तेलकट गोष्ट चटकन पेट घेते. जखमेवर, भाजलेल्या कातडीवर, डोळ्यांत तेल नाही. तोंडाने काही पाजायचं नाही, प्रार्थना केलेलं पाणीसुद्धा नाही. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्याला दोन घोट पाणी दिलं तर भूल देताना उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. किडनीच्या रुग्णाला नारळपाणी किंवा फळांचा रस 'आशीर्वाद' म्हणून देऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

कृष्णाकाठ:
वॉर्ड_सात ताई, ऑक्सिजनचं खरंच डोक्यात नव्हतं. मग तेल लावावं की नाही? आणि कोणतं?

घाटमाथा:
याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलावून प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय. दोन गोष्टी निसटतात. एक, बोलावणं आजाऱ्याकडून आलंय. दुसरी, पुढच्या वचनात विश्वासाची प्रार्थना म्हटलंय ती वडिलांची. आजाऱ्याचा विश्वास मोजायला तिथे कोणी बसलेलं नाही. घरातलं साधं खोबरेल चालतं, बोट टेकवण्याइतकं, कपाळावर. तेलात शक्ती आहे असं कोणी समजू लागलं तर त्या घरी तेल बंद करा, नुसती प्रार्थना करा. बाटल्या भरून वाटायच्या नाहीत, विकायच्या तर अजिबातच नाहीत.

कॅथलिक घरात गेलात तर त्यांच्याकडे हा संस्कार आहे आणि तो फक्त धर्मगुरू देतात, कपाळावर आणि हातांवर. पूर्वी जैतुणाचंच तेल लागे. १९७२ पासून दुसरं वनस्पती तेलही चालतं. तिथे आपण तेल लावू नये, त्यांच्या फादरना फोन करून द्यावा. हा संस्कार फक्त मरणाऱ्यासाठी असतो असा समज आहे, तो चुकीचा. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी घेता येतो आणि आजार बळावला तर पुन्हाही.

विश्वासवीर:
हे सगळं वाचून वाईट वाटलं. हात धुवा, चिठ्ठी करा, तेल जपून लावा. मग देवावर विश्वास कुठे राहिला? प्रभूने नुसत्या शब्दाने बरं केलं. गोळी चालू ठेवून प्रार्थना म्हणजे दोन होड्यांवर पाय.

मिरज_जंक्शन:
दादा, तुमची तळमळ समजते, पण वचनच तुमच्या बाजूला नाही. हिज्कीया राजा मरणाच्या दारी होता, रडून प्रार्थना केली, १५ वर्षं वाढवून मिळाली. ते वचन देणाऱ्या यशया संदेष्ट्याने लगेच अंजिरांचा लेप आणून गळवावर लावायला सांगितला (२ राजे २०:७). वचन आणि लेप एकाच तोंडून. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. लूक वैद्य होता आणि पौलाने त्याला 'प्रिय वैद्य' म्हटलंय. याईराच्या मुलीला उठवल्यावर येशूचं पुढचं वाक्य काय? तिला खायला द्या. भूक चमत्काराने भागवली नाही.

आणि आपण मिरजेत राहतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचा दवाखाना उभारला. या भागात शुभवर्तमान आणि शस्त्रक्रिया एकाच दारातून आत आल्या. त्याच गावात औषध म्हणजे अविश्वास असं म्हणणं आपल्या वाडवडिलांच्या साक्षीच्या विरुद्ध जातं.

वॉर्ड_सात:
आणि परिणाम सांगते, कारण भाषणात ते कळत नाहीत. टीबीचं औषध साध्या प्रकारात किमान सहा महिने असतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस उभा राहून साक्ष देतो आणि गोळ्या सोडतो. उरलेले जंतू औषधाला दाद न देणारे होऊन परत येतात आणि घरातल्या मुलांना तेच लागतात. फिट्सची गोळी अचानक बंद केली तर एकामागून एक न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात. लहान वयातल्या मधुमेहात इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत, कधी चोवीस तासांतसुद्धा, रक्तात आम्ल साठून जीव जातो. गटाने एक नियम लेखी ठेवावा: औषध सुरू करणं, कमी करणं, थांबवणं यावर गटातलं कोणीही बोलणार नाही.

उसाच्या फडात साप चावला तर प्रार्थना गाडीत बसून करायची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवरही प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळतं. घट्ट आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही.

साखरपट्टा:
उपवासाचं राहिलं. उपवास गटाने धरायचा, आजाऱ्याने नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं, त्या दिवशी ऊसतोडीला किंवा भट्टीवर जाणारे, यांना वगळा. गोळी घेऊन जेवण चुकलं की साखर उतरते: दरदरून घाम, हात थरथर, बोलणं असंबद्ध. लोकांना वाटतं आत्म्याने भरलाय, आणि तो माणूस कोसळायच्या बेतात असतो. साखर ७० च्या खाली गेली तर शुद्धीवर असेपर्यंत तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

ज्यांना पूर्ण उपवास जमत नाही त्यांना दानीएलाच्या दहाव्या अध्यायातला मार्ग आहे: तीन आठवडे मांस, द्राक्षारस, पक्वान्न नाही. आपल्याकडे त्याचं रूप म्हणजे चहा-साखर, मटण आणि रात्रीची मालिका सोडणं. वाचलेले पैसे त्या रुग्णाच्या नातेवाइकाच्या डब्याला द्या. पाणी प्यायचं, निर्जळी उपवास या भागाच्या एप्रिल-मेमध्ये करू नका. संध्याकाळी सोडताना मिसळ-वडा नको, पेज किंवा मऊ भात. आणि मत्तय ६ सांगतो तसं, तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून कामावर जायचं. उपवासाची यादी फळ्यावर लावायची नाही.

जिज्ञासू_सांगली:
मी श्रद्धावान नाही, पण आदराने विचारतो. प्रार्थनेचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला होता, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बायपासचे १,८०२ रुग्ण. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही त्यांच्यात फरक नाही: गुंतागुंत ५२ आणि ५१ टक्के. ज्यांना 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार' असं सांगितलं त्यांच्यात उलट ५९ टक्के. याकडे तुम्ही कसं बघता?

घाटमाथा:
सर, आकडे बरोबर आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. देव यंत्र असता, तर ठरलेला मजकूर ठरल्या दिवशी वाचल्यावर ठरला निकाल आला असता. मंत्राची अपेक्षा ती असते. पित्याकडे मागणं त्या साच्यात बसत नाही, म्हणून प्रयोगातून देव सिद्धही होत नाही आणि खोडलाही जात नाही, असं माझं मत. पण तो ५९ टक्क्यांचा आकडा मला कामाचा वाटतो. तो योगायोगही असू शकतो. अभ्यासकांनी एक शक्यता अशी मांडली, की 'माझ्यासाठी प्रार्थना लावावी लागतेय म्हणजे मी इतका आजारी आहे का' असा ताण आला असेल. गटाने यातून एवढं घ्यावं: रुग्णाला 'पाचशे लोक तुझ्यासाठी गुडघ्यावर आहेत, आता उठलंच पाहिजे' असं सांगू नका. ते ओझं होतं. 'आम्ही आहोत, तुला काही करायचं नाही, झोप' एवढं सांगा.

दुष्काळी_पट्टा:
आजारापलीकडचंही थोडं लिहू का? आमच्याकडे चमत्कार म्हणजे पाऊस. एलीया संदेष्ट्याने पावसासाठी प्रार्थना करताना सात वेळा चाकराला समुद्राकडे बघायला पाठवलं, सातव्यांदा तळहाताएवढा ढग दिसला. सहा वेळा 'काही नाही' हे उत्तर प्रार्थनेच्या मधोमध आहे, हे मंडळीला वाचून दाखवावं.

पण पाऊस मागताना कोणासाठी आणि कधी, हे ठरवावं लागतं. जत-आटपाडीच्या रब्बी ज्वारीला परतीचा पाऊस पेरणीच्या ओलीसाठी हवा असतो. तेव्हाच तासगाव-कवठेमहांकाळला द्राक्षाची गोडी (फळासाठीची) छाटणी झालेली असते, आणि फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी (बुरशीचा रोग) आणि घडकूज. मार्चमध्ये शेडवर बेदाणा वाळत असताना आला तर माल काळा पडतो. एकाच मंडळीत दोन्ही शेतकरी बसलेले असतात. म्हणून दोघांनी एकमेकांच्या पिकासाठी प्रार्थना करायची, ज्वारीवाल्याने द्राक्षासाठी आणि द्राक्षवाल्याने ज्वारीसाठी. त्यानंतर पावसाची प्रार्थना वेगळ्याच सुरात होते, करून बघा.

पुराचंही तेच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय त्या वेळी वाचण्यासारखा आहे. वादळात देवदूताने पौलाला सांगितलं, जहाजावरचा एकही जीव जाणार नाही. तरी खलाशी लहान होडी पाण्यात सोडून पळू लागले तेव्हा पौल म्हणाला, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव नाही. २७६ माणसं, काही पोहत आणि काही फळ्यांवर, किनाऱ्याला लागली. तेव्हा ४० फुटांची बातमी आली की जनावरं हलवायची, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधायची आणि मग अखंड प्रार्थनेला बसायचं.

विश्वासवीर:
एलीयाचं आणि जहाजाचं पटलं. औषध थांबवण्याबद्दल मी जे सुचवत होतो ते मागे घेतो. पण मग साक्ष द्यायचीच नाही का? देवाचं गौरव कसं होणार?

घाटमाथा:
द्यायची, जरूर द्यायची, पण पिकल्यावर. दहा कोड्यांना येशूने याजकाकडे पाठवलं आणि ते वाटेत शुद्ध झाले. लेवीय १४ प्रमाणे याजक तपासायचा, मग सात दिवस तंबूबाहेर, आठव्या दिवशी अर्पण. म्हणजे पडताळणीची आज्ञा खुद्द प्रभूची आहे.

फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थस्थानी १८५८ पासून लाखो आजारी येतात, आणि चर्चने अधिकृतपणे चमत्कार मानलेल्या घटना आजवर साधारण सत्तर. गाळणी इतकी बारीक आहे. निकष अठराव्या शतकातले, लँबर्तिनी यांचे, जे पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले. आजार गंभीर आणि निदान पक्कं हवं. आपोआप बरा होणारा नको. औषधाने बरं झालं असं म्हणता येऊ नये. बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवं. कर्करोगात तर वर्षानुवर्षं थांबतात.

आपल्या मंडळीला एवढी समिती नको. आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट, शक्यतो एकाच लॅबचा. चालू औषधं कोणती होती ते. साध्या आजारात तीन महिने, टीबीत उपचार पूर्ण झाल्यावर, कर्करोगात निदान पुढच्या दोन तपासण्या होईपर्यंत थांबा. साक्षीत उपचाराचा उल्लेख गाळायचा नाही, डॉक्टर आणि नर्सचे आभार मानायचे. 'देवाने माझं दुखणं काढलं आणि ऑपरेशनही झालं' म्हटल्याने देवाचं गौरव कमी होत नाही. बाकीच्या, म्हणजे आपल्या बहुतेक, गोष्टींना 'प्रार्थनेचं उत्तर' म्हणा. शब्द लहान आहे पण खरा आहे.

कायद्याचंही भान हवं. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, ज्यासाठी साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं काम केलं. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचारांपासून अडवणं हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५ ते ५० हजार दंड. घरातली, चर्चमधली साधी प्रार्थना त्यात येत नाही. शिवाय १९५४ च्या कायद्याने कर्करोग, मधुमेह, अपस्मार वगैरे बरे करतो अशी जाहिरातही बंद आहे. तेव्हा 'आंधळे पाहतील, लंगडे चालतील' असे फ्लेक्स लावू नका. आणि प्रार्थनेनंतर रुग्णाच्या घरून त्या दिवशी दान स्वीकारू नका. कोड बरं झालेल्या नामान सेनापतीचं बक्षीस अलीशा संदेष्ट्याने नाकारलं आणि त्याचा चाकर गेहजीने मागून जाऊन घेतलं, तेव्हा तेच कोड गेहजीला जडलं.

कृष्णाकाठ:
आणि मागितलं ते मिळालं नाही तर? खरं तर हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

मिरज_जंक्शन:
ताई, यासाठी गटाची खरी तयारी हवी. 'विश्वास कमी पडला' हे वाक्य त्या घरात कोणीही उच्चारायचं नाही. योहान ९ मध्ये शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी सोडलं, आणि हा तोच पौल ज्याच्या हातून पुष्कळ बरे झाले. शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे स्वतःच्या त्रासासाठी, त्याने तीनदा विनंती केली, काटा राहिला, 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे मिळालं. पण हे वचन पौलाला देवाने सांगितलं होतं. दुसऱ्याच्या मयतीला जाऊन आपण ते ऐकवायचं नसतं.

मातीच्या दिवशी ८८ वे स्तोत्र वाचा. १५० स्तोत्रांत तेच बहुधा सगळ्यात काळोखं आहे, शेवटपर्यंत उजेड येत नाही, आणि तरी ते प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात आहे. गटातल्या दोघांनी त्याच आठवड्यात घरी जायचं, मग महिन्याने, मग पहिल्या नाताळाला. माणसं बरं झालेल्याकडे जातात, गेलेल्याच्या घरी जायला कचरतात. चिठ्ठी फाडायची नाही. मागच्या बाजूला तारीख घालून 'मागितलं होतं, मिळालं नाही' असं लिहून बाकीच्या चिठ्ठ्यांच्याच डब्यात ठेवायची.

भाषेचं एक सांगतो, दुःखाच्या वेळी ते जास्त जाणवतं. रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, ख्रिस्ताला मराठी अभंगात हाक मारली. आपल्या भागाला एवढा वारसा असताना कॅमेऱ्यासमोरच्या प्रचारकांची अर्धी हिंदी घेऊन खाटेशी ओरडायची गरज नाही. आजीला तिच्या बोलीत प्रार्थना ऐकवा.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी चोवीस तासांची साखळी प्रार्थना धरायची आहे, नावं साधारण साठ. वाटणी कशी करू?

साखरपट्टा:
अर्ध्या तासाचे ४८ भाग होतात. प्रत्येकी दोन म्हटले तर ९६ नावं लागतात, तुमच्याकडे तेवढी नाहीत. म्हणून सकाळी ६ ते रात्री १० एकेकटे ठेवा, म्हणजे ३२ नावं गेली. रात्री १० ते ६ च्या १६ भागांना दोघं-दोघं, म्हणजे ३२. एकूण ६४, चार जणांनी दोनदा बसायचं. साखळी तुटते ती नेहमी एक ते चारमध्ये. त्या वेळेला कॉलेजची मुलं आणि रात्रपाळीवाले लावा, पहाटे चारनंतर म्हातारी माणसं आपणहून जागी असतात. मेसेजवर भिस्त ठेवू नका. ज्याचा भाग संपला त्याने पुढच्याला फोन लावायचा आणि तो उठून 'घेतलं' म्हणेपर्यंत स्वतः सुरू ठेवायचं. हातात चिठ्ठ्या द्या, एका भागाला तीनच. आणि रविवारी उपासनेआधी कोणीतरी दवाखान्यात फोन करून चिठ्ठ्यांवरचं नवं काय ते लिहून घ्यायचं, कारण लोक ते विचारणारच.